जनरेटरचा हार

आदिलाबादच्या बाहेर, महामार्गाच्या अंगाला आमचं डेटा सेंटर आहे. नावालाच सेंटर. आहे काय, तर एक गार खोली, तिच्यात सर्व्हरची कपाटं आणि मागच्या शेडमध्ये डिझेलवरचा जनरेटर. दवाखान्यांचे रिपोर्ट, शाळांचे निकाल, सगळं त्या खोलीत. मी कंट्रोल रूममध्ये पडद्यासमोर बसते आणि माझा मामा जनरेटर सांभाळतो. बाबा गेल्यापासून आम्ही मायलेकी जवळच्या तामसी गावात त्याच्याच घरी राहतो. त्यानंच मला हट्टानं शिकवलं, म्हणून त्याच्यावर ओरडायचा हक्कही माझाच.

अशा सेंटरांच्या भरवशाच्या चार पायऱ्या धरतात. चौथीत अचानक काही बिघडलं तरी बाहेर कोणाला पत्ता लागत नाही. तिसरीत विजेच्या दोन वाटा असतात. एक बंद करून खुशाल दुरुस्त करा, काम दुसरीवरून चालूच. दुसरीत यंत्रं जादा, पण वाट एकच. आमची पहिली. सगळं एकेकच. इथं कशाला हात लावायचा तर आधी सगळं थांबवावं लागतं, आणि थांबणं हा शब्दच साहेबांना चालत नाही. म्हणून जनरेटरची चावी कायम 'ऑटो'वर. लाइन गेली की काही मिनिटं बॅटऱ्या भार धरतात आणि तेवढ्यात तो आपोआप सुरू होतो. कोणाला विचारत नाही, कोण जवळ उभं आहे ते पाहत नाही. मला त्याची पहिल्या दिवसापासून भीती वाटायची.

आणि आमच्याकडं दसऱ्याला यंत्राची पूजा. तीही वरवरची नाही. जनरेटरच्या पंख्यावरची जाळी काढायची, पाती पुसायची, हळदकुंकू लावायचं, झेंडूचा हार घालायचा.

"मामा, पयले चावी बंद कर," या दसऱ्याला मी सकाळीच म्हटलं.

"सायबाची ऑर्डर हाये, ऑटोवरून काढाचं नाई. दोन मिन्टाचं तं काम. काऊन भेऊन राह्यली वं?"

"मंग राहू दे ना पूजा!"

"वर्षभर राबते तो. त्याले टिळाबी नाई लावाचा?"

डोकंच फिरलं माझं. साहेबांना फोन लावला. "एम कादम्मा," तेलुगूत म्हणाले, काही होत नाही गं. त्यांचं काय जातंय म्हणायला! मी चरफडत पडद्यासमोर येऊन बसले. कॅमेऱ्यात मामा दिसत होता. जाळी काढून भिंतीला टेकवलेली, आणि त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत पंख्यात.

तेवढ्यात लाइन गेली.

बॅटरीचा दिवा पिवळा झाला. टेबलाशेजारी लाल बटण आहे. आग लागली तरच दाबायचं, अशी ताकीद. ते दाबलं तर जनरेटर सुरूच होत नाही, आणि बॅटऱ्या संपल्या की सगळी खोली मरते. दाबलं मी. नीट दाबलं गेलं का, कुणास ठाऊक! तशीच शेडकडं पळत सुटले. आता आवाज येईल, आता येईल, एवढंच कानात.

"मामा, हात काढ! हात काढ आधी!"

तो वळला. "काय झालं वं? आग लागली का?" भर दिवसाच्या उजेडात त्याला काहीच कळलं नव्हतं.

"लाइन गेली."

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं झटकन जाळी उचलली. बसवताना नट दोनदा खाली पडले. इकडं बॅटऱ्या कधी दगा देतील याचा नेम नव्हता. जाळी घट्ट बसली, तो बाहेर आला, तेव्हा मी परत धावत जाऊन बटण सोडवलं. जनरेटर धडधडत सुरू झाला. खोली वाचली. साहेबांच्या हिशेबी त्या दिवशी काम क्षणभरही थांबलं नाही.

पण घाईत पात्यांवरचा हार काढायचा राहिला होता. मी शेडमध्ये आले तेव्हा जाळीतून झेंडूचा नुसता भुगा उडत होता. मामाच्या केसांत, मिश्यांत, सगळीकडं पिवळं. तो त्या भुग्याकडं पाहत मटकन खाली बसला.

संध्याकाळी घरी त्यानं माझ्या हातावर जम्मीची, म्हणजे शमीची, पानं ठेवली. "घे माय, सोनं घे." मी पानं बाजूला ठेवली आणि त्याचा हात दोन्ही हातांनी धरला. आईनं ताटं वाढली. वरण निवलं. मला रडू आवरेना.

"सोड वं आता," मामा हळूच म्हणाला. "जेवाचा हात हाये तो."

मी सोडला नाही.