पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढलेला कॉम्प्युटर

कॉम्प्युटरला पावसाळी सुट्टी असावी की नसावी, यावर तुमचे मत काय? मत नसेल तर आधी बनवा, कारण मुरबे गावातल्या माझ्या मामांसमोर मत नसलेल्या माणसाला चहा मिळत नाही. आमच्या सगळ्या किनाऱ्यावर दोन बोटी असलेले पुष्कळ आहेत, पण एक पाण्यात आणि दुसरी टेबलावर चालवणारा माणूस एकच, तो म्हणजे माझे मामा. टेबलावरची बोट म्हणजे त्यांचा जुनापुराणा डेस्कटॉप. जूनमध्ये मासेमारी बंद झाली की सगळे नाखवे बोटी किनाऱ्यावर ओढतात, इंजिनाला ग्रीस चोपडतात आणि वरून प्लॅस्टिक बांधतात. मामा त्याच दिवशी कॉम्प्युटरही ‘वर ओढतात’. वायरी काढून गुंडाळायच्या, डबा प्लॅस्टिकमध्ये बांधायचा आणि नारळी पौर्णिमेपर्यंत त्याला कुणी बोट लावायचे नाही. एका पावसाळ्यात मला एक पत्रक टाइप करायचे होते. मी पत्रकांवरच वाढलेली मुलगी; पालघरच्या आमच्या घरात भिंतींना रंग नव्हता, पण जगातल्या यच्चयावत अन्यायाविरुद्धचे पत्रक कपाटात होते. मी मामांना मुद्देसूद समजावले की बंदी माशांच्या विणीसाठी असते आणि कॉम्प्युटर अंडी घालत नाही. मामांनी शांतपणे ऐकून घेतले. म्हणाले, “बोट आराम करते, आमी आराम करतो. मंग ह्यानंच का राबायचं? तू तर कामगारांच्या बाजूची ना?” मी पत्रक हाताने लिहिले.

मामा कॉम्प्युटर कानाने चालवतात. बटण दाबले की डब्यावर तळहात ठेवून डोळे मिटतात आणि आतल्या पंख्याची घरघर ऐकतात. घरघर एकसारखी लागेपर्यंत कुणी कळफलकाला शिवायचे नाही, कारण थंड इंजिनावर भार टाकणे त्यांना पटत नाही. एकदा शेजारचे एक गृहस्थ घाईने लाइटबिलाची प्रत काढायला आले. त्यांना मामांनी ओटीवर बसवले, चहा पाजला, इंजिन गरम होऊ दिले, आणि इंजिन गरम झाले तेव्हा गावातली लाइट गेली. मामा त्यांना म्हणाले, बरे झाले, गडबडीत निघालेली बोट अशीच मध्ये बंद पडते. ते गृहस्थ आता बोईसरला जाऊन प्रती काढतात.

अशा या लाडक्या यंत्राने यंदा नारळी पौर्णिमेनंतर उठायलाच नकार दिला. बटण दाबले की पंखा फिरे, आतून टूं टूं असा आवाज येई आणि पडदा काळाच राही. एरवी मी म्हणाले असते, राहू दे काळा. पण त्या डब्यात माझ्या थोरल्या मावशीचे धवले होते. आमच्याकडे लग्नाच्या एकेका विधीला बायका लांबलचक गाणी म्हणतात, ते धवले. आणि ते सगळे शेवटपर्यंत येणारी गावात मावशीच होती. मामांनी तिला समोर बसवून ते रेकॉर्ड केले आणि नंतर, दोन पावसाळ्यांपूर्वी, मावशी गेली. आता मामांच्या मुलीचे, म्हणजे माझ्या मामेबहिणीचे लग्न ठरले होते. डीजे लावा, नका लावू, पण हळदीला आत्याचेच धवले हवेत, असा तिचा हट्ट होता. इतर बायकांना तुकडे तुकडे येत होते. ते जोडायला लागणारा आवाज त्या टूं टूं करणाऱ्या डब्यात अडकला होता, आणि दुसरी प्रत कुठेही नव्हती.

मग गावभरचे निदान सुरू झाले. कुणी म्हणाले व्होल्टेज कमी, कुणी म्हणाले नजर लागली. मामा म्हणाले, ह्याला धाप लागलीय, आणि त्यांनी टेबल फिरवून डब्याचे तोंड वाऱ्याकडे केले. शेवटी आम्ही तो रिक्षात घालून बोईसरला नेला. दुकानदाराने झाकणसुद्धा न उघडता सांगितले, “चाचा, इसमें अब जान नहीं है, नया ले लो।” मामांनी डबा उचलला. माणसाची नाडी न बघता डॉक्टर असे बोलला असता तर, एवढेच ते म्हणाले. मी मात्र परतीच्या वाटेवर गाव येईपर्यंत बोलत होते: कंपन्या मुद्दाम वस्तू लवकर मरतील अशा बनवतात, दुरुस्ती हा आपला हक्क आहे, यावर पत्रक निघालेच पाहिजे. रिक्षावाला मान डोलावत होता. पत्रकाचे शीर्षकही ठरले होते.

घरी येऊन मी आणि बहिणीने डबा उघडला. मोबाइलवर वाचले होते की असा आवाज आला तर आधी मेमरीची पट्टी काढून पाहावी. ती काढली आणि बोटे चिकटली. पट्टीच्या सोनेरी दातांवर काळपट, धूळ खाल्लेला, जाड थर होता. आम्ही दोघींनी मामांकडे पाहिले.

“गिरीस हाय,” मामा अभिमानाने म्हणाले. “खारा वारा लोखंड खातो. यंदा आतपर्यंत लावला.”

कंपन्या त्या दिवशी माझ्या तावडीतून थोडक्यात सुटल्या. मामेबहिणीने पट्टी पुसली, खोडरबरने दात घासून लख्ख केले आणि ती शेजारच्या रिकाम्या खाचेत बसवली. सुदैवाने मामांच्या प्रेमाचा हात तिथवर पोचला नव्हता. बटण दाबले. मामांचा तळहात डब्यावर गेला. पडदा उजळला तरी ते डोळे उघडेनात.

मावशीचा आवाज आला तेव्हा घरातल्या बायका हातातले काम टाकून दारात जमल्या. धवला रंगात आला आणि मध्येच रेकॉर्डिंगमधले मामा बोलले, बाय, जरा मोठ्यानं. गाणे थांबले. मावशी कडाडली, “तू गप ऱ्हा आधी. गातंय कोन, मी का तू?” सगळ्या बायका खळखळून हसल्या. मामा हसले नाहीत. तेवढाच भाग त्यांनी पुन्हा लावायला सांगितला, आणि मग पुन्हा.

बहीण आठवडाभर त्या आवाजामागे गात बसली. हळदीला बायकांनी धवले शेवटपर्यंत म्हटले. निघताना मी सगळ्याची प्रत पेन ड्राइव्हवर घेतली. मामांना विचारले, मधली बोलणी काढून गाणी स्वच्छ करून देऊ का?

“गानी काप पायजे तर,” मामा म्हणाले. “ती माज्यावर वरडते ते नको कापू.”

म्हणून तुम्हाला एवढेच सांगायचे आहे. तुमच्या घरात गाणारे, गोष्टी सांगणारे, नुसतेच ओरडणारे जे कुणी म्हातारे माणूस असेल, त्याच्यासमोर आज फोनचे रेकॉर्डिंग लावून ठेवा. ते रागावले तरी बंद करू नका. आणि त्या आवाजाची एक प्रत उद्याच दुसऱ्या कुणाच्या तरी घरी नेऊन द्या.