पंधरा दिवस ठेवून बघा

माझ्या नणंदेचं जमत आलेलं लग्न मी जवळजवळ मोडलं, तेही वाचनालयाच्या वेळेत, खुर्चीवरून न उठता.

धायरीतल्या एका लहानशा वाचनालयात मी ग्रंथपाल आहे. "ते पुस्तक आलंय का?" एवढंच विचारायला सभासदांना जिना चढावा लागू नये, म्हणून आम्ही मोबाइलवर मेसेजची सोय केली. सभासदांची सोय झाली आणि मला व्यसन लागलं! पाठवलेल्या मेसेजच्या टिका निळ्या कधी होतात, समोरचा माणूस 'टायपिंग' करता करता मध्येच का थांबला, त्याने काय लिहून खोडलं असेल... (पूर्वी मी रहस्यकथा वाचायचे. आता गरज उरलेली नाही.)

त्या दुपारी दोन मेसेज एकदमच आले. पहिला गायकवाड सरांचा. सर निवृत्त शिक्षक, बोलणं मोजकं. त्यांना एक जुनी कादंबरी हवी होती. "आहे का? असल्यास कोणत्या अवस्थेत?"

दुसरा खडकीच्या काकूंचा. त्यांचा मुलगा निखिल म्हणजे आमच्या केतकीसाठी आलेलं स्थळ. केतकी माझी नणंद. आयटीत नोकरी, आणि आजवर प्रत्येक स्थळाचा फोटो बघूनच "वहिनी, प्लीज!" म्हणणारी. निखिलशी दोनदा फोनवर बोलल्यावर मात्र ती "बघू" म्हणाली होती. त्या एका "बघू"वर सासूबाई पेढे आणायला निघाल्या होत्या! काकूंनी विचारलं होतं, "मुलीबद्दल चार शब्द कळवाल का? स्पष्ट लिहा हं, आम्हाला आडपडदा आवडत नाही."

मी दोन्ही उत्तरं मन लावून लिहिली, पाठवली आणि चहा घेत टिकांकडे बघत बसले.

आधी सरांचं उत्तर आलं. "ताई, निमंत्रणाबद्दल आभारी आहे. परंतु माझ्या लग्नाला आता पन्नास वर्षं होतील. तरी हिला विचारलं. ती म्हणते, पुरणपोळी येत नसेल तर नको."

मी ते पुन्हा वाचलं. मग वर सरकवून मी काय पाठवलंय ते बघितलं. "केतकी स्वभावाने मोकळी, ताम्हिणी घाटात एकटी गाडी चालवते. पुरणपोळी आवडीने खाते, करता येत नाही. रविवारी या, प्रत्यक्ष बघा. तुमचा होकार येणार याची खात्री आहे!"

(माझ्या बचावासाठी एकच सांगते. सर आणि काकू, दोघांनीही फोटोच्या जागी गणपती लावलाय. एकच गणपती!)

म्हणजे काकूंना काय गेलं? मी बघितलं. "हो, आहे. पण जरा जुनी आहे हो. पाठ निघालीय, बांधणी सैल झालीय. याआधी तिघांनी नेली आणि अर्धवट सोडून परत आणून दिली. तुम्ही नेऊन तर बघा. पंधरा दिवस ठेवा, नाही पटली तर दुसरी देऊ."

टिका निळ्या!

घाईघाईने मी मेसेज पुसला. पुसला तो फक्त माझ्या फोनवरून. काकूंकडे तो तसाच ठणठणीत राहिला. मग मी लिहिलं, "काकू, माफ करा, तो मजकूर दुसऱ्यांना पाठवायचा होता."

'टायपिंग...' थांबलं. पुन्हा 'टायपिंग...' शेवटी आलं, "म्हणजे दुसरीकडेही बोलणी चालू आहेत का?"

मी नवऱ्याला फोन केला. सगळं ऐकून तो शांतपणे म्हणाला, "पाठ निघालीय एवढं तरी खरं आहे. कालच ती कंबर धरून बसली होती." आणि फोन ठेवला. (याला सासरचा आधार म्हणतात.)

तेवढ्यात केतकीचाच फोन आला. आईला आलेला माझा मेसेज निखिलने तिला पाठवला होता.

"वहिनी, तिघं कोण?"

"अगं, सभासद!"

"माझे?"

सगळं सांगितलं. मग ती हळू आवाजात म्हणाली, "वहिनी, मला तो खरंच आवडलाय." एरवी ती माझ्यावर ओरडली असती. त्या दिवशी ओरडली नाही. मी काकूंना फोन करून कादंबरीचा सगळा घोळ सांगितला. त्या एवढंच म्हणाल्या, "आम्ही येतो तिकडे."

संध्याकाळी काकू जिना चढून आल्या, मागे निखिल. केतकी आधीच येऊन कपाटाशी उभी होती. काकूंनी नमस्कारही न करता हात पुढे केला. "दाखवा ती कादंबरी."

मी दिली. पाठ खरंच निघालेली, पानं सुटलेली. काकूंनी पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, आणि खुर्ची ओढून बसल्या. एवढ्यात गायकवाड सर तीच कादंबरी न्यायला हजर!

"बाई, हे पुस्तक मी आधी मागितलंय."

"पण मला आधी सांगून आलंय," काकू मान वर न करता म्हणाल्या.

इकडे केतकीने निखिलला विचारलं, "पंधरा दिवसांनी परत करणार का मला?"

तो गंभीरपणे माझ्याकडे वळला. "वहिनी, मुदतवाढ मिळते ना?"

मला हसू आलं, रडूही आलं. काकू तेवढ्या म्हणाल्या, "जरा हळू, वाचतेय मी."

लग्न ठरलं. घरच्यांनी मात्र माझ्यावर एक अट घातली: यापुढे प्रत्येक मेसेज आधी मोठ्याने वाचायचा, मग नाव वाचायचं, मगच पाठवायचा. मी ती इमानदारीत पाळते. त्यामुळे सध्या धायरीत 'शांतता राखा' या पाटीखाली बसून दिवसभर बडबड करणारी एकच व्यक्ती आहे, आणि सभासदांनी तिची लेखी तक्रार ग्रंथपालांकडे दिलेली आहे!