फ्राऊ केलरांच्या ड्रेसमधली चार सेंटिमीटर माया

फ्राऊ केलरांच्या ड्रेसची चेन कमरेपाशी अडकली ती अडकलीच. गुरुवारची दुपार. शनिवारी त्यांच्या मुलीचं लग्न. मार्चमध्ये हाच निळा ड्रेस मी चार सेंटिमीटर आत घेतला होता. मधे त्यांना कॉर्टिझोनच्या गोळ्या सुरू झाल्या आणि अंगावर सूज आली.

जर्मनीतल्या बाड हॉम्बुर्ग गावात एका बुटीकच्या मागच्या खोलीत मी आल्टरेशन करते. दुकानाचं नाव फ्रेंच, अत्तर फ्रेंच, ट्रायल रूमबाहेरची खुर्चीसुद्धा फ्रेंच. मालकीणबाई फ्राऊ लिंडनर तेवढ्या इथल्याच.

त्या आल्या, पाहिलं, आणि गोड आवाजात म्हणाल्या, "हे पॅरिसचं कटिंग आहे. ते अंगाला जुळवून घेत नाही, अंगाने त्याला जुळवून घ्यायचं असतं." वर नवीन आलेली शाल पांघरायला सुचवली. फ्राऊ केलरांनी आरशाकडे पाठ केली. माझ्या तोंडात टाचण्या होत्या म्हणून बरं.

शिवणीच्या आत राखलेल्या जास्तीच्या कापडाला आपण माया म्हणतो. बाई जाड झाली की उसवायची, बारीक झाली की आत घ्यायची. मालकीणबाईंना पॅरिसच्या प्रदर्शनातून आल्यापासून ही माया खुपायला लागली होती. आतून कपडा सफाईदार दिसला पाहिजे, माया कापून टाका, असा हुकूम होता.

हसू नका, पण तरुणपणी मीही असलीच दिवटी होते. एका फ्रेंच मासिकातले फोटो बघून पुण्याहून आणलेल्या माझ्या बाराही ब्लाउजांची माया मी कचाकच कापली. आई फोनवर ओरडली, तर तिलाच अडाणी म्हटलं. पहिल्या बाळंतपणानंतर एकही दंडात जाईना. पुढे त्यांच्या उशांच्या खोळी झाल्या. आमचे हे वर्षभर माझ्या लग्नातल्या जरीवर गाल घासत झोपले.

तेव्हापासून मी कुणाची माया कापत नसे. फ्राऊ केलरांचीही कापली नव्हती. अस्तराखाली दुमडून टाके घातले होते.

"दहा मिनिटं बसा," मी म्हटलं आणि शिवण उसवली. पुन्हा मशीन, मग इस्त्री. चेन वरपर्यंत गेली. फ्राऊ केलर आरशासमोर एकदा इकडून, एकदा तिकडून वळल्या. माझा हात धरला आणि सोडायलाच विसरल्या.

त्या गेल्यावर फ्राऊ लिंडनरनी विचारलं, "म्हणजे इतके दिवस तुम्ही माझं ऐकतच नव्हता?"

मी म्हटलं, "मायेच्या बाबतीत नाही. एका गिऱ्हाइकाच्या आजीचा पॅरिसमध्ये शिवलेला कोट मी उसवलाय. आत दोन बोटं माया होती. पॅरिसला कळतं ते."

सोमवारी आबमानुंग मिळाली, म्हणजे लेखी ताकीद. दहा मिनिटांत ड्रेस बसला यापेक्षा हुकूम मोडला हेच बाईंना मोठं वाटलं. कागद मी बटणांच्या डब्यात ठेवला.

जानेवारीत फ्राऊ लिंडनर दार लोटून आत आल्या. हातात त्यांचा करडा स्कर्ट. ख्रिसमसचं खाणं जरा जास्तच झालं होतं.

"फ्राऊ सावंत, यात थोडं कापड असेल ना?"

मी स्कर्ट उलटा करून त्यांच्यापुढे धरला. आतून अगदी सफाईदार.

"नाही हो. हा ताकिदीनंतर आत घेतलाय, तुमच्या हुकमाप्रमाणे माया कापून."

कात्री हुकमावर चालते. कापलेलं कापड मात्र हुकमावर परत येत नाही. दुकानात शाल अजून शिल्लक होती, ती मी सुचवली.