चिमटा दाबून धर

वाटूर फाट्यावरच्या बॅटरीच्या दुकानात बदरुन्निसाची खुर्ची अगदी तोंडाशी असायची. नवरा गयासोद्दीन गेला तेव्हा मुलगा सोहेब शाळेत होता. दुकान तिनंच सांभाळलं. अॅसिडनं ओढण्यांची चाळण झाली, पण खोटं सांगून तिनं एकही बॅटरी विकली नाही. गावाला याचं भारी कौतुक. नुसतंच कौतुक. ऐकायची वेळ आली की लोक विचारायचे, "सोहेब कुठंय?"

एक दिवस गावातले तातेराव गाडी ढकलत घेऊन आले. बॅटरी गेली, हे त्यांनी घरीच ठरवलं होतं. बदरुन्निसानं बॉनेट उघडलं. टर्मिनलवर पांढऱ्या क्षाराची बुरशी चढली होती. गरम पाण्यानं ती धुतली, पट्ट्या आवळल्या, आणि गाडी एका दमात सुरू झाली. तरी तिनं ती बंद केली, जरा वेळ हेडलाइट लावून ठेवले, कारण इंजिन नुकतंच चालू झालं की बॅटरी उगाच तगडी दिसते. मग टेस्टरचे दोन्ही चिमटे घट्ट दाबून धरले. लोड देऊन बॅटरीवर ताण टाकला तरी काटा हिरव्या पट्ट्यातच राहिला.

"बॅटरी चांगली हाय, तातेरावभाऊ. बुरशीनं अडवलं व्हतं."

"तुमचं बराबर हाय, भाभी. पण उद्या पोरीला घेऊन लांब जायचंय. सोहेबला पाहू द्या एकदा."

सोहेब आला. त्यानं एक चिमटा दाबला आणि दुसरा नुसता टेकवला. काटा धाडकन लाल रंगात उतरला.

"गेली, काका. रस्त्यात दगा देईल."

"चिमटा दाब," बदरुन्निसा म्हणाली.

"अम्मी, तुम बीच में नको बोलो."

तातेराव हसले आणि नवी बॅटरी बसवून गेले. जुनी दुकानातच राहिली.

चिमटा दाबून धर, नाहीतर चांगली बॅटरीसुद्धा मेलेली दिसते, हे तिनंच सोहेबला शिकवलं होतं, त्याचा हात हातात धरून. पोरगं हुशार निघालं. 

आठवडाभरानं एमआयडीसीत टेम्पो चालवणारा देवानंद जुनी बॅटरी शोधत आला. सोहेबनं तातेरावांचीच पुढं केली.

"तू विकून राह्यला, मंग तू खराब कशाला म्हणशील?" देवानंद म्हणाला.

"मंग अम्मीला विचार. अम्मी खोटं बोलत न्हाई, साऱ्या वाटूरला ठाऊक हाय."

बदरुन्निसानं बॅटरी ओळखली. एकदा, एकदाच चिमटा नुसता टेकवावा, असं तिला फार वाटलं. पण बोटांना इतक्या वर्षांची सवय. त्यांनी चिमटा दाबला. काटा हिरव्यात उभा राहिला.

"चांगली हाय," ती म्हणाली.

 तिच्या बोलण्यावर त्यानं बॅटरी उचलली.

दुसऱ्या दिवशी सोहेबनं अम्मीची खुर्ची आत नेली आणि विकायला मांडलेल्या जुन्या बॅटऱ्यांपाशी ठेवली.