माझ्या होडीचं लांबलचक नाव

इंजिन बंद पडलं तेव्हा मी धरणाच्या मध्यात एकटीच होते. वारा मला बाभळबनाकडे ढकलत होता. धरण भरलं तेव्हा तिथल्या बाभळी पाण्याखाली गेल्या, पण त्यांचे बुंधे अजून उभे आहेत. फायबरची होडी त्यांच्यावर आपटली की फुटते. मला पोहता येतं, पण आता गुडघे ऐकत नाहीत.

मी सेट उचलला.

आमच्या हिंगोली जिल्ह्यात समुद्र नाही, धरण आहे. लग्न झाल्यापासून मी तिथं मासे धरते. पाण्यावर मोबाईलला रेंज नसते, म्हणून आमच्या मच्छीमार सोसायटीने होड्यांना वॉकी-टॉकी दिले. आम्ही त्याला सेट म्हणतो. बटण दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं. एकाने बटण दाबून ठेवलं की बाकीच्यांनी गप्प बसायचं. आधी ज्याला हाक मारायची त्याच्या होडीचं नाव घ्यायचं, मग आपल्या होडीचं.

बाकीच्यांच्या होड्या चिमणी, मोर, राणी अशा. माझी 'जय जलदेवीमाता कृपा कैलासवासी सखारामदादा व कौसल्याआई आशीर्वाद नौका'. सखाराम माझा नवरा. त्याचं नाव घातलं तर "आमच्या मायचं काहून न्हाई?" म्हणून दीर रुसला. देवीला सोडायची माझी हिंमत नव्हती. पेंटरला होडीच्या दोन्ही बाजू लागल्या. मी चौथी पास, पण एवढं नाव न अडखळता वाचते, याचा मला भारी ताठा. सेटवर कोणी अर्धं नाव घेतलं तर मी उत्तरच द्यायची नाही. 'चिमणी'वाली शेवंता एकदा म्हणाली, "मावशी, नाव घेईपर्यंत मासे म्हातारे होऊन राहिले." तिच्याशी मी बरेच दिवस अबोला धरला.

तर मी बटण दाबलं. "चिमणी, चिमणी. जय जलदेवीमाता कृपा कैलासवासी सखारामदादा व कौसल्याआई आशीर्वाद नौका बोलून राहिली. इंजिन बंद पडलं. ओव्हर."

नाव पुरं घेतलं. कुठं आहे ते सांगायचं राहिलं.

शेवंताने अगदी शिस्तीत सुरुवात केली. "जय जलदेवीमाता कृपा कैलासवासी..."

मी बटण दाबून ओरडले, "बाभळबन! बाभळबन!" तिचं बटण दाबलेलं. तिला काय ऐकू जाणार?

"...आशीर्वाद नौका, चिमणी बोलून राहिली. कुठं हाय तुमी? ओव्हर."

मी बोलणार तेवढ्यात 'मोर'वाला गंगाराम सुरू झाला. तोही 'जय'पासून. सगळ्यांना वळण मीच लावलं होतं. पहिला बुंधा आला. मी वल्ह्याने होडी ढकलून धरली, तरी बाजू खरवडत गेली.

काठावर सोसायटीच्या सेटवर माझी सून रुक्मिण बसली होती. गंगारामचं बटण सुटताच तिचा आवाज आला, "समदे बटणं सोडा! आत्याबाई, कुठं?"

"बाभळबन."

थोड्या वेळाने 'चिमणी' दिसली. शेवंता हातात दोर घेऊन उभी. "मावशी, दोर टाकू, का आधी पुरं नाव घेऊ?"

"टाक, भवाने."

होडी वाचली. रंग मात्र सासूच्या नावावरचा गेला. दिराच्या हट्टापायी तो परत मारून घेतला. होडीवरचं नाव काठावर उभं राहून सावकाश वाचायचं असतं, त्यामुळे ते कितीही लांब चालतं. सेटवर आता मी नुसती 'जलदेवी'.

हे मला आधीच कळायला हवं होतं. सखारामला मी जन्मभर "अवं" एवढीच हाक मारली. ती त्याला बराबर ऐकू जायची.