जिवनबाईचा कान

माझा नवरा, डॉक्टर वैजनाथ, कान-नाक-घशाचा सर्जन आहे आणि त्याला हळू बोलता येत नाही. हिंगोलीत आमचा दवाखाना आहे. तपासणीच्या खोलीत तो जे बोलतो ते रस्त्यापलीकडच्या पानटपरीवर ऐकू जातं, त्यामुळे पेशंटची गुपितं काही गुपितं राहत नाहीत. मी भूलतज्ज्ञ आहे. बाकी सगळ्यांना झोपवते, याचं तोंड मात्र मला अजून बंद करता आलेलं नाही.

दोष त्याचा नाही म्हणा. तो गोरेगावला शेतात वाढला आणि वडील संतराम दोन्ही कानांनी बहिरे. लहानपणी कान फुटले, त्यात ज्याला जे सुचलं ते त्यानं ओतलं. बापाशी बोलायचं तर पोरानं या बांधावरून त्या बांधावर हाका मारायच्या. पोरगा कानाचा डॉक्टर व्हायला शिकत होता, तेव्हाच ते गेले. "बापाचा एक तरी कान माझ्या हाती लागायला पाहिजे होता," असं तो अजून म्हणतो. तेही ओरडूनच.

त्याचा खरा वैरी म्हणजे लसणाचं तेल. आमच्याकडे कान ठणकला की पळीत तेल, तेलात लसूण, आणि सगळं कानात. "भजे तळा त्या तेलात! कानात काहून ओतता?" हे त्याच्या तोंडून मी झोपेतसुद्धा ऐकलेलं आहे.

जिवनबाई आली तीही तेल ओतूनच. आखाडा बाळापूरकडच्या बंजारा तांड्यावरची, साठीच्या घरातली, बरोबर नवरा हरिचंद. उजव्या कानातून पू येत होता आणि कानामागचं हाड सुजलं होतं. वैजनाथने कपाळावरचा दिवा लावून कान पाहिला आणि तो गप्प झाला. हा गप्प झाला की मला धडकी भरते. पू हाडात शिरला होता आणि तिथून मेंदू लांब नसतो. ऑपरेशन त्याच दिवशी करायला हवं होतं.

"कर की मग," जिवनबाई म्हणाली. पण केसांतली घुगरी काढावी लागेल असं मी सांगितलं, तशी ती खुर्चीतून उठलीच.

तांड्यावरच्या बायका कानांशेजारी केसांत चांदीची घुंगरं गुंफतात, ती घुगरी. लग्नात चढते आणि नवरा गेल्यावर उतरते. आम्हाला तर कानामागचे केस काढायचे होते, आणि रक्त थांबवायचं यंत्र विजेवर चालतं, अंगावर धातू ठेवून कसं भागणार?

"नवरा समोर उभाय अन् घुगरी उतरू? मेले तरी न्हाई."

वैजनाथ ओरडला. पू, मेंदू, मरण, सगळं सांगून झालं. ती दाराकडे चालायला लागली. गेली ही हातची, असं मला वाटलं. मग तो एकदम थांबला आणि हरिचंदकडे वळला.

"मामा, तुमच्या फेट्याला बांधू का ही? तुमी धडधाकट, घुगरी तुमच्या डोक्यावर. मग उतरली कुठं? जागा बदलली फकस्त."

हरिचंदने थोडा विचार केला आणि बायकोपुढे डोकं वाकवलं. "बांध," तो म्हणाला. "माझ्या अंगावर हाये तवर तुझ्याच अंगावर हाये."

तिनं स्वतःच्या हातानं बांधली. दोन्ही कानांवर चांदी लोंबतेय अशा थाटात तो म्हातारा ऑपरेशन थिएटरच्या दाराशी बसला. येणारे-जाणारे तोंड लपवून हसून राहिले होते. तो चहालासुद्धा उठला नाही. जिवनबाईनं शुद्धीवर येताच कानाचं काही विचारलं नाही, आधी फेटा शोधला. मला त्या दिवशी माझा नवरा फार आवडला. हे मी त्याला सांगितलेलं नाही, नाहीतर पानटपरीपर्यंत पोचलं असतं.

कान सुकला आणि त्या कानानं तिला चांगलं ऐकूही यायला लागलं. डावा अधू होता, त्याचंही ऑपरेशन करू असं वैजनाथ म्हणाला. "त्याचं ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "घुगरी एकदा दिली नवऱ्याजवळ. आता पुन्ना न्हाई."

गेल्या बाजारच्या दिवशी ती आली. एकटीच. कानांशेजारचे केस मोकळे होते.

"डाव्याचं कर आता," ती खुर्चीत बसत म्हणाली. "आता आडकाठी न्हाई कसली."

वैजनाथने दिवा लावलाच नाही. स्टूल ओढून तो तिच्या उजव्या बाजूला बसला आणि काहीतरी बोलला. मी दारातच उभी होते, पण मला फक्त त्याचे ओठ हललेले दिसले. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

जिवनबाईला मात्र ऐकू गेलं.

"न्हाई, तकलीफ न्हाई झाली त्याला," ती म्हणाली. "आवाज बसला व्हता शेवटाला. निसता वारा. लेकरायला काईच समजलं न्हाई, काय बोलला ते." तिनं उजव्या कानावर हात ठेवला. "मला बराबर ऐकू आलं."