शोभाताईच्या आंदणातला गुंड

आधीच सांगून ठेवते — मी असल्या गोष्टी मानत नाही. अंगात येणं, उतारा, लिंबू-मिरची... माझ्यासमोर कोणी विषय काढला तर मी सरळ उठून जाते. तरी लिहितेय, कारण परवा या ग्रुपवर कोणीतरी विचारलं की गेलेल्या माणसाच्या वस्तू घरात ठेवाव्या का, आणि खाली लोकांनी एनर्जी-बिनर्जी काय वाट्टेल ते लिहिलं. डोकंच फिरलं माझं. वस्तू का काढाव्या ते मला विचारा.

८४-८५ची गोष्ट. आम्ही सौंसरला राहायचो, बाबा कापसाच्या एका जिनिंगमध्ये कामाला होते. मोठी बहीण शोभाताई पांढुर्ण्याला दिलेली, संत्र्याचा व्यापार करणाऱ्या घरात. लग्नाला दोन वर्षं होत नाहीत तोच निरोप आला — स्टोव्ह भडकला. आम्ही पोचलो तेव्हा सगळं आटोपून गेलं होतं. जावई ओसरीवर बसून होता, अंगावर साधा चटका नाही. कोणी काही विचारलं नाही. बाबांनीही नाही.

तेरवी झाल्याबरोबर त्या लोकांनी ताईचं आंदण मेटॅडोरमध्ये घालून परत पाठवलं. परात, डबे, ताटं आणि पाण्याचा पितळी गुंड, ज्यावर बाबांनी हौसेनं 'शोभा' असं नाव टाकून घेतलं होतं. म्हणजे भांडी दिली की फिट्टंफाट! मला ती भांडी डोळ्यासमोर नको होती. पण आईनं ती फळीवर मांडली. दर आठवड्याला चिंच लावून घासायची. गुंड तर रोज सकाळी विहिरीच्या पाण्यानं भरून ठेवायची, आणि त्यातलं पाणी प्यायची कोणाला मुभा नव्हती.

"काय करून राहिली आई तू हे?" मी भांडायची. "मोडीत टाक सगळं. पाहिलं की जीव जळते माहा."

"हात नोको लावू," आई म्हणायची. "तिचं एवढंच त राहिलं माह्याजवळ."

मी चिडून बाहेर निघून जायची.

वर्ष गेलं. पौष संपला तसा एक दिवस भर दुपारी जावई आणि त्याची आई आमच्या दारात. मागणी घालायला आले होते. मला! थोरली गेली की धाकटी द्यायची, आमच्याकडे तेव्हा यात कोणाला काही वावगं वाटत नसे. माझा संताप झाला, पण त्याहून जास्त राग आला बाबांचा. ते मान खाली घालून ऐकत होते. "मानसं पाहन्यातले आहेत," असं काहीतरी पुटपुटलेसुद्धा. माझं लग्न तिथल्या तिथे ठरणार असं दिसत होतं.

तेवढ्यात ताईच्या सासूची नजर फळीवर गेली.

"भांडे त जसेच्या तसे ठेवले ईहीनबाईनं," ती खूश होऊन म्हणाली. "मंग नवं आंदण कायले करता? नाव तेवढं घासून घ्या अन् बेबीचं टाका."

बेबी म्हणजे मी.

मी आईकडे पाहिलं. तिची बोटं चिंचेनं काळी पडलेली होती. वर्षभर लेकीची आठवण म्हणून जे घासलं, ते या बाईच्या हिशेबी दुसऱ्या लेकीचं तयार आंदण होतं.

"बेबी, पानी आन पावन्याईले," बाबा म्हणाले.

मी मुद्दाम गुंडातच तांब्या बुडवला. प्या, तुमच्याच घरून आलेलं भांडं आहे, असं मनात म्हटलं. पाणी इतकं गार होतं की माझी बोटं ठणकली. त्या एकाच तांब्यातून तीन पेले भरले — बाबा, जावई, सासू. आईनं पाहिलं, पण अडवलं नाही.

बाबा घटाघट प्यायले. जावयानं घोट घेतला आणि गुरासारखा ओरडला. पेला खाली पडला. सासूनं तर घोट गिळला होता, ती गळा धरून कळवळत होती.

"पोट्टीनं उकळतं पानी देल्लं वं माय!"

"उकळतं?" बाबा चक्रावले. "मी बी तेच पेलो न!"

चूल सकाळीच विझवून सारवलेली. घरात ऊन पाणी म्हणून कुठं नव्हतंच. पण जावयाचा ओठ आमच्या डोळ्यांदेखत फुगला, पांढरा फोड आला. बाबा उठले, गुंडात कोपरापर्यंत हात घातला. तसाच ओला, गार हात बाहेर काढला. आधी त्या हाताकडे पाहिलं. मग जावयाकडे पाहिलं.

"निंघा," ते म्हणाले. "पोरगी भेटत नाही."

ते दोघं रस्त्याला लागले आणि आईनं गुंड अंगणात उपडा केला. त्याच संध्याकाळी आम्ही मायलेकींनी सगळी भांडी पोत्यात भरून बाजारात कासाराकडे नेली. मोडीत घेण्याआधी कासार गुंड ठोकून चपटा करणार होता. आईनं त्याच्या हातातून हातोडा घेतला. बरोब्बर नावावर घाव घातले, अक्षर वाचता येईना तोवर. रडत होती आणि घालत होती.

"आता टाका म्हना कोनाचं नाव टाकता त," ती म्हणाली. बदल्यात दुसरं भांडं काय देऊ असं कासारानं विचारलं, तर काहीच नको म्हणून चालायला लागली.

माझा मुलगा म्हणतो, आई, त्यांच्या दातात कळ आली असेल. नवरा म्हणायचा, पेलाच तापलेला असेल. असेल बाबा. मला विज्ञान कळतं आणि याचं उत्तर माझ्याजवळ नाही, ते मी कबूल करते. पण एक सांगा... पाणी कसं तापलं हे आजवर मला शंभर जणांनी खोदून खोदून विचारलं. स्टोव्ह कसा भडकला हे त्या घरी जाऊन एकानं तरी विचारलं का?